पंचवीस टक्क्यांचे पेढे

एकदा पवनीच्या रस्त्यावर पोलिसानं माझी स्कूटी थांबवली आणि डिकी उघडायला लावली. आत निघालं ते असं: डबाभर मोठाली बटणं, बाह्या कापलेला एक पुरुषी शर्ट, कपड्यांचे चिमटे, हातात धरायचा आरसा, डाळ आणि तांदूळ मुद्दाम एकत्र केलेली बरणी आणि एक पितळी घंटी. त्यानं घंटी उचलली, वाजवून पाहिली आणि आदरानं विचारलं, "मॅडम, जादूचे प्रयोग करता का जी?"

"करते," मी म्हटलं. त्यानं सलाम ठोकून मला सोडलं.

फार मोठं खोटं नव्हतं ते. मी फिरती विशेष शिक्षिका आहे. ज्या मुलांना शिकायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो, ज्यांचं बोलणं उशिरा येतं किंवा येतच नाही, त्यांच्या शाळेत जायचं, घरी जायचं. मुलाला शर्टाचं बटण लावायला शिकवायचं आणि ते शिकेपर्यंत धीर कसा धरायचा ते आईबापांना शिकवायचं. पहिलं काम सोपं आहे.

धंद्यात मी थोडी नाटकी आहे, हे आधीच कबूल करते. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडप पडतात आणि होळीपर्यंत नाटकं चालतात. माझे वडील गावच्या मंडळात पडद्याआडून संवाद सांगायचे. सहाव्या वर्षी मी हरवलेल्या मुलीचं काम केलं. ते लोकांना इतकं आवडलं, की पुढची आठ वर्षं मी दर हिवाळ्याला हरवत राहिले. अजूनही कुणाच्या ओसरीवर चार माणसं बसलेली दिसली की मला नाटकाची घंटा झाल्यासारखी वाटते.

म्हणून प्रत्येक घरात पहिल्या दिवशी मी एक नियम लावते. मुलासमोर 'याले येत नाही' असं म्हणायचं नाही. जो म्हणेल, त्यानं तिथल्या तिथे कान धरून एक उठबस काढायची. वय, मान, पगार काही पाहायचं नाही. जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये एका वडिलांनी ड्यूटीच्या कपड्यांत अकरा काढल्या. बाहेर कारखान्याची बस हॉर्न देत होती आणि आतून त्यांचा मुलगा मोजत होता. पाचपर्यंतच येत होतं त्याला, म्हणून तो पाच झाले की पुन्हा एकपासून सुरू करायचा. वडील थांबणार कधी? माझं हसून पोट दुखलं.

या नियमावर मी फार खूश होते. त्याच नियमानं मला एका घरात तोंडघशी पाडलं, त्याची ही गोष्ट.

ते घर लाखांदूरकडच्या एका खेड्यात. एसटी फाट्यावर सोडते, तिथून दोन किलोमीटर आत. आई, वडील आणि एकच मुलगी. वडील धानाची शेती करायचे आणि उन्हाळ्यात आठवडी बाजारात भाजी न्यायचे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मुलगी दहा वर्षांची होती आणि खाटेखाली होती. मला फक्त तिचे पाय दिसले.

आई दारातच सुरू झाली. "इले काही येत नाही जी मॅडम. बोलता येत नाही, वेणी घालता येत नाही, शाळेत बसत नाही, कोणी आलं का खाटेखाली..."

मी घंटी वाजवली. नियम सांगितला आणि हिशेब दिला, "तीन झाल्या."

"माह्या घरी मलेच शिक्षा?" बाई आधी रागावली, मग तिला हसू आलं, मग तिनं पदर खोचला आणि कान धरले. दुसऱ्या उठबशीला खाटेखालून एक डोकं बाहेर आलं. तिसरीला मुलगी पूर्ण बाहेर आली. तिला आईला उठबशा काढताना पाहायचं होतं. महिन्याभरात तिचा पहिला स्वच्छ शब्द निघाला तोही 'उठबस' हाच. वडिलांनी एकदा अंगणात चार शेजाऱ्यांसमोर तिच्याबद्दल तसलं काही म्हटलं आणि ती आतून धावत आली, "बाबा, उठबस!" वडिलांनी काढली. शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग आम्ही पाहुणा बसवला. म्हणजे असं: आमच्याकडे माणूस दारात आला की आधी पाणी. तेवढं ज्या मुलीला येतं तिला लोक घरातली समजतात, नाही येत तिला अडगळ समजतात. म्हणून मी ठरवलं, ही मुलगी पाणी देणार. गडवा, म्हणजे तांब्या, भरायचा, पेला घ्यायचा, न सांडता यायचं आणि म्हणायचं, "या जी. पाणी घ्या. कसे आहा?" हे एवढं व्हायला सव्वा वर्ष लागलं. मी बाहेर जाऊन पुन्हा पुन्हा आत येत होते, कधी तलाठी होऊन, कधी रुसलेली आत्या होऊन, कधी लंगडत येणारा व्याही होऊन. व्याह्याला ती सगळ्यात चांगलं पाणी द्यायची.

बाकी जे होतं ते होतं. पाचाच्या पुढे मोजणं जमत नव्हतं. दुकानात पाठवलं तर वाटेत कोंबडीमागे कुठंही निघून जायची. आंघोळ स्वतः करायची, पण आई दाराबाहेर उभी राहून एकेक गोष्ट सांगायची तेव्हा. रस्त्यावर कुणीही 'चल' म्हटलं तर हात धरून चालायला लागायची. हे सगळं खरं होतं, आणि घरात कोणी ते मोठ्यानं बोलत नव्हतं. माझ्या नियमानं तोंडं बंद झाली होती.

एकदा आई मला म्हणाली, "मॅडम, अड्याळले चालता का माह्यासंग? एक दाखवायचं आहे."

अड्याळ तिचं माहेर. बाजाराचा दिवस होता, भाऊभावजय बाजारात गेले होते. मागच्या खोलीत, दाराच्या आडोशाला, पस्तिशीची एक बाई भिंतीला पाठ लावून बसली होती. केस बारीक कापलेले. पुढ्यात सूप, सुपात थोडे तांदूळ. ती एक दाणा उचलायची, पाहायची, परत ठेवायची. आम्ही आलो तरी तिनं मान वर केली नाही.

"माही लहान बहीण," आई म्हणाली. "माह्या पोरीसारखीच होती. हसायची, गाणं म्हणायची. सातवीनंतर शाळा दुसऱ्या गावाले होती. बाबा म्हणे, कोण नेईल रोज? राहू दे घरी. तवापासून इथंच आहे जी. कोणी मारत नाही, उपाशी ठेवत नाही. फक्त इथं आहे."

मी जाऊन बहिणीजवळ बसले, एक-दोन गमतीजमती केल्या. माझ्या सगळ्या सोंगांना तिनं तांदळाच्या दाण्याइतकंही पाहिलं नाही. परतताना बसमध्ये आई एवढंच बोलली, "माही पोरगी तिथं नाही बसली पाहिजे."

मुलीच्या गावची शाळाही सातवीपर्यंतच होती.

सातवीच्या वर्षी आम्ही लाखांदूरच्या बाजूच्या एका हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना भेटलो. सरळ माणूस. म्हणाले, "प्रवेश देतो, मॅडम, नाही म्हणायचा प्रश्नच नाही. पण दिव्यांगाचं प्रमाणपत्र नसलं तर परीक्षेत सवलती मिळणार नाहीत. वेळ वाढवून नाही, सोपे विषय नाहीत, लिहायला मदतनीस नाही. नववीत ती अडकेल आणि अडकूनच राहील."

वडिलांनी तेवढंच ऐकलं. घरी येऊन खाटेवर बसले आणि निकाल दिला, "कागद आला त पाठवू. नाही त नापास व्हायले कायले पाठवायचं? लोक हसतीन. घरी राहीन आपली."

'घरी राहीन' हे ऐकताना आईनं माझ्याकडे जे पाहिलं, त्यात अड्याळची ती मागची खोली होती.

कागद शाळेत चालायला निदान चाळीस टक्के दिव्यांगत्व लागतं. मला चिंता नव्हती. इतक्या वर्षांच्या अनुभवानं मला ठाऊक होतं की हिचे पन्नास सहज येतील. तालुक्याच्या ठिकाणी तपासणीचं शिबिर होतं. मी आईला फोनवर म्हटलं, "सकाळी लवकर या. पोरगी नीटनेटकी आणा."

हे वाक्य मी का बोलले? बोलायला पाहिजे म्हणून बोलले. आणि त्या घरात नीटनेटकी मुलगी चार परक्या माणसांसमोर न्यायची म्हणजे काय, याचा एकच अर्थ आहे.

ते तिघं आले तेव्हा मुलीच्या अंगावर लग्नात घालायचा मोरपंखी फ्रॉक होता. तेल लावून दोन घट्ट वेण्या, लाल फिती, अबोलीचा गजरा, गालावर काजळाचा ठिपका. वडिलांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आईनं ठेवणीतली भारी साडी. सगळं थेट मुलगी दाखवायचा कार्यक्रम. रांगेतल्या बायका वळून वळून पाहत होत्या. आणि मी काय केलं? मी गजरा जरा सरळ केला.

आत एक तरुण डॉक्टर होते, सकाळपासून माणसं तपासून थकलेले. टेबलावर त्यांची पाण्याची बाटली आणि कागदी पेला होता. मुलीनं खोलीभर नजर फिरवली आणि मला दिसलं की ती आता काय करणार आहे. तिनं पेला भरला. थेंब सांडला नाही. दोन्ही हातांनी पुढे केला. "पाणी घ्या जी. कसे आहा?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मी बरा आहे. सकाळपासून हे विचारणारी तू पहिली."

सगळे हसले. माझी छाती फुगली. सव्वा वर्षाचा तो प्रयोग परक्या मंचावर पहिल्या फटक्यात उभा राहिला होता. कोणती नाटकवाली अशा वेळी भानावर राहील? त्यांनी चित्रं दाखवली, निम्मी तर माझ्या डिकीतलीच. बटण, कंगवा, चिमटा, आरसा. तिनं घडाघडा ओळखली. मग ते आईकडे वळले.

"आंघोळ स्वतः करते?"

"करते ना जी."

"वेणी?"

"घालते. सुंदर घालते."

"दुकानात एकटी जाते?"

आईनं मुलीकडे पाहिलं. मुलगी आईच्या ओठांकडे पाहत होती, एखादी चूक पकडायला टपल्यासारखी. "जाते," आई म्हणाली. "जे सांगितलं तेच आणते."

"अनोळखी माणसानं बोलावलं तर?"

"नाही बाप्पा! वळणाची आहे माही पोरगी. कोणाकडं मान वर करून पाहत नाही." तिकडून वडीलही म्हणाले, "घरकामात हुशार आहे, साहेब."

मी तिथंच उभी होते. मला बोलता आलं असतं. बाहेरून सांगाव्या लागणाऱ्या आंघोळीबद्दल, कोंबडीबद्दल, कुणाचाही हात धरण्याबद्दल. मी गप्प राहिले. मुलीसमोर ते कसं बोलायचं, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. खरं असं की मला तो सगळा देखावा आवडत होता.

काही आठवड्यांनी दुपारी आईचा फोन आला. आवाजात लग्नघर होतं. "मॅडम, कागद आला! पंचवीसच आले! या तुमी, लवकर या."

मी स्कूटी कशी हाकली मला माहीत नाही. पोचले तर अंगणात शेजारच्या बायका, ताटात पेढे. मुलीनं मला गडव्यातून पाणी दिलं, "या जी, कसे आहा," आणि मग पेढा दिला. आई शेजारणींना समजावत होती, "शंभर म्हंजे पुरं खराब. इचे पंचवीसच निघाले. म्हंजे थोडकंच राहिलं आता. मॅडमनं मेहनत केली जी इच्यावर."

बायकांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. हातात पेढा होता. मी तो खाल्ला. जन्मात इतका कठीण पदार्थ गिळला नाही.

बायका गेल्यावर मी आईला घरामागच्या वाडीत नेलं आणि सांगितलं. चाळीसच्या खाली असेल तर तो कागद शाळेत चालत नाही. तिला ते कळायला वेळ लागला. मी तीनदा सांगितलं.

"म्हंजे पंधरा कमी पडले?"

"हो."

"कायचे कमी पडले?"

उत्तरही तीच बोलली. "म्हंजे माही पोरगी अजून खराब पाहिजे होती." मग ती माझ्याकडे अशी पाहत राहिली जशी मी तिच्या घरातून काहीतरी उचलून नेलं होतं. "अन् मीच सांगून आली का ते चांगली आहे म्हणून."

फेरतपासणीचा अर्ज करता येतो, असं मी म्हटलं. खरं आहे ते सगळं डॉक्टरांना सांगायचं, खोटं काहीच नाही, फक्त लपवायचं नाही. तिनं ऐकून घेतलं आणि फटकन म्हणाली, "तुमीनंच त घंटी वाजवली होती ना? तीन वर्षं माह्या तोंडातून तो शब्द काढू दिला नाही. आता तुमीच म्हणून राहिल्या का बोल म्हणून? सोंगं तुमी करा, मॅडम. मले नाही जमत."

ती दोन महिने फोन उचलत नव्हती. मी जायचे, ती मागे वाडीत काम काढायची. मुलगी पाणी द्यायची. वडील म्हणायचे, "मी पयलेच म्हटलं होतं जी. घरी काय वाईट आहे? माय आहे, बाप आहे." हे ते प्रेमानंच म्हणायचे, म्हणून तर त्यांच्याशी भांडता येत नव्हतं.

उन्हाळा सरत आला. सातवीचा निकाल लागला, वर्गातल्या मुली हायस्कूलचे गणवेश शिवायला टाकून आल्या. एक दिवस आई स्वतःच फाट्यावर माझी वाट पाहत उभी होती. भर उन्हात, डोक्यावर पदर. "काल अड्याळले गेली होती," ती म्हणाली. "बहिणीले 'ताई' म्हण म्हटलं. नाही म्हटलं तिनं. विसरली. अर्ज भरा, मॅडम. पण इच्यासमोर नाही बोलणार मी. इले बाहेर बसवा."

मी शपथेवर कबूल केलं.

या वेळी वयस्क डॉक्टरीणबाई होत्या. मुलगी साध्या घरच्या कपड्यांत होती, गजरा नाही, काजळ नाही. आधी तिची तपासणी झाली. नवी चित्रं होती, माझ्या डिकीत नसलेली. तिनं बऱ्याच ठिकाणी हात मागे घेतला. मग मी तिला म्हटलं, "चल, आपण बाहेर पाहुणा-पाहुणा खेळू." ती हलेना. हात धरला तर किंचाळली आणि आईच्या पदराला दोन्ही मुठींनी लटकली. दोनदा प्रयत्न केला. बाहेरची रांग आत डोकावायला लागली. बाई म्हणाल्या, "राहू द्या तिला. लहान आहे, बसेल. तुम्ही सांगा, आई."

आई माझ्याकडे पाहत होती. मी शपथ घेतली होती आणि मी काहीही करू शकत नव्हते. मी डोळ्यांनी 'बोला' म्हटलं. इतकी वाईट खूण मी आयुष्यात कुणाला केली नाही.

"आंघोळ?"

"सांगावं लागते जी. नाही सांगितलं त करता येत नाही."

मुलीनं मान वर केली.

"वेणी?"

"घालता येत नाही. मीच घालतो."

"दुकान?"

"एकटीले जाता येत नाही. हरवते."

मुलीचा चेहरा आधी खुलला. आई पकडली गेली होती, एकदा नाही, तीनदा. तिनं मोठ्यानं म्हटलं, "आई, उठबस!" आई हलली नाही. "मोजता येत नाही," आई खाली मान घालून बोलत होती, आता थांबायचंच नाही असं ठरवल्यासारखी. "घड्याळ कळत नाही. कोणी चल म्हटलं त जाते. आपलं कोण, परकं कोण समजत नाही." मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी घंटी वाजवीन, असं तिला वाटलं असणार. मग तिनं पदर सोडला, आईच्या समोर जाऊन उभी राहिली, स्वतःचे कान धरले आणि आईच्या वाटच्या उठबशा काढायला लागली. एक. दोन. तीन. चार. पाच. एक. दोन.

डॉक्टरीणबाईंनी लिहिणं थांबवलं. त्या उठून आल्या आणि मुलीचे हात कानांवरून हळूच काढले. आईनं तेवढ्या वेळात एकदाही वर पाहिलं नाही.

पन्नास टक्के आले. वडिलांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून देवाजवळ ठेवला आणि म्हणाले, "ठीक आहे. पाठवू." पेढे आणले नाहीत कुणी.

मला वाटलं, आता सुटलो. पुढच्या आठवड्यात मी गेले तर मुलगी खाटेवर बसलेली होती, उठली नाही. मी व्याही होऊन लंगडत आले. ती पाहत राहिली. "पाणी दे ना, माय," आई म्हणाली. मुलगी म्हणाली, "येत नाही." मी कंगवा पुढे केला. "घालता येत नाही." आणि मग ती सुरू झाली, "एकटीले जाता येत नाही, हरवते. मोजता येत नाही. घड्याळ कळत नाही." तोच क्रम. एक शब्द इकडचा तिकडे नाही. ज्या मुलीला तीन वाक्यं द्यायला मी सव्वा वर्ष घासलं, तिनं आईचं ते अख्खं बोलणं एकदा ऐकून उचललं होतं. मी हसावं की काय करावं? हसले थोडी, नटीची सवय. आई म्हणाली, "हसू नका जी मॅडम," आणि मी बंद झाले.

शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी मी फाट्यावर गेले. नवा गणवेश, नवं दप्तर, शेजारी आई, कारण सुरुवातीला रोज आईच नेणार होती. एसटी आली. मुलगी दारापाशी गेली, पायरीकडे पाहिलं आणि म्हणाली, "एकटीले जाता येत नाही."

"एकटी कुठं? मी हावो ना!" आई म्हणाली. उपयोग झाला नाही. कंडक्टरनं एक मिनिट वाट पाहिली आणि घंटी मारली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी सगळी सोंगं काढली, बस झाले, ड्रायव्हर झाले, फाट्यावरच्या चहावाल्यालाही प्रवासी केलं. चहावाला छान बसला. मुलगी बसली नाही. चौथ्या दिवशी वडील आले, दुरून पाहत राहिले आणि बस गेल्यावर म्हणाले, "उद्याच्या दिवस पाहतो. परवापासून धानाच्या रोवण्याले माणसं लागतीन मले. इचा अन् इच्या मायचा रोजचा हा तमाशा नाही पुरत." ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

पाचव्या दिवशी बस आली. मुलगी पायरीपाशी थांबली. "जाता येत नाही." मी तोंड उघडणार, एवढ्यात आई तिच्या बाजूनं वर चढली. आत गेली, खिडकीपाशी बसली आणि समोर पाहू लागली.

"बाई, पोरगी खाली आहे तुमची!" कंडक्टर म्हणाला.

"मारा घंटी," आई म्हणाली.

मला वाटलं, वा! ही माझ्यावर गेली. काय प्रवेश घेतलाय! मी मुलीचा दंड धरून ठेवला आणि कंडक्टरला डोळा मारला. त्यानं घंटी मारली. बस हलली. मुलगी आधी बसकडे पाहत होती, मग खिडकीकडे. खिडकीतला चेहरा वळत नव्हता. मी वाट पाहत होते की आता ती वळेल, हात करील, हसेल. नाही वळली. बस फाट्याच्या चिंचेपर्यंत गेली तेव्हा मुलगी माझ्या हातातून निसटली आणि "आई!" करत दप्तरासकट धावली. मी मागून ओरडत होते. ड्रायव्हरनं आरशात पाहिलं असणार, ब्रेक लागला. कंडक्टरनं हात देऊन तिला वर ओढलं. "काय बाई आहे ही!" त्याचा आवाज मला इथवर आला.

मी स्कूटीनं मागे मागे गेले. शाळेच्या स्टॉपवर दोघी उतरल्या. मुलगी आईचा पदर धरून होती आणि इकडे तिकडे पाहत होती, चक्क खुशीत. मी टाळी वाजवायला हात वर केले. "काय काम केलंत हो! मला वाटलं खरंच..."

आईच्या चेहऱ्यानं माझे हात खाली आले. ती बसभर रडली होती. मला नाटक कळतं, लहानपणापासून तोच एक धंदा जवळून पाहिला. मघाशी खिडकीत जे होतं ते नाटक नव्हतं, हे मला आत्ता कळत होतं.

"ती नसती धावली," आई हळू आवाजात म्हणाली, मुलीला ऐकू जाऊ नये म्हणून, "त मी पुढच्या फाट्यावर उतरली असती का, मले नाही माहीत जी. मी सीटवर बसली अन् मले हलकं वाटलं."

शाळेच्या फाटकातून मुली आत जात होत्या. आईनं पदरानं तोंड पुसलं, मुलीची सुटलेली फीत बांधली आणि तिला पुढे घातलं. दोन पावलं गेल्यावर ती मागे वळली.

"उद्या या जी तुमी फाट्यावर. मले एकटीले नका चढू देऊ."